टीप लिहा : वंचितांचा इतिहास

गेल्या डिसेंबरात एक उत्तरपत्रिका माझ्यासमोर आली. रबाळ्याच्या आमच्या वस्तीतील विहारात शनिवारी व रविवारी संध्याकाळी दहावीच्या मुलांचा सामाजिक शास्त्रांचा सराव मी घेते. त्या दिवशीच्या सरावात दोन गुणांचा प्रश्न होता : 'टीप लिहा – वंचितांचा इतिहास'. एका मुलीने पाच ओळी लिहिल्या होत्या. तिची आजी बहात्तरच्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून मुंबईकडे आली. येथे येऊन तिने खाणीत खडी फोडली. तिचे नाव कोणत्याच पुस्तकात नाही. म्हणून ती वंचित आहे आणि हा वंचितांचा इतिहास आहे. एवढे लिहून मुलीने खाली एक रेघ ओढली होती.

मी लाल पेन हातात धरून बराच वेळ तशीच बसले. उत्तर चूक नव्हते. मी स्वतः महाविद्यालयात इतिहास शिकवते. रणजित गुहा यांनी १९८२ पासून 'सबाल्टर्न स्टडीज' या नावाने जे इतिहासलेखन सुरू केले, त्याचा गाभा या पाच ओळींत होता. परंतु मंडळाच्या परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकापुढे आदर्श उत्तरांचा कागद असतो. त्या कागदावर व्याख्या असते, ग्रंथांची नावे असतात. त्यात या आजीला जागा नाही. मी अर्धा गुण दिला.

तो अर्धा गुण देणे योग्य होते का, या प्रश्नाचा विचार करताना जे सुचले ते येथे मांडत आहे. आपल्या वस्तीतील मुलांनी या परीक्षेचा सराव कसा करावा, हा प्रश्न वरवर शिकवणीचा वाटतो. माझ्या मते तो सामाजिक प्रश्न आहे.

प्रथम जागेविषयी थोडे. रबाळे हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले गाव. साठीच्या दशकात या पट्ट्यात एमआयडीसी आली. १९७० साली सिडको स्थापन होऊन नवी मुंबईची आखणी सुरू झाली. या पट्ट्यातील आगरी-कोळ्यांच्या जमिनी या शहराखाली गेल्या, आणि त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात माणसे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. डोंगराच्या अंगाला दगडखाणी होत्या. मराठवाड्यातून, विदर्भातून दुष्काळाने उठलेली आमची माणसे त्या खाणींवर आणि मग कारखान्यांत कंत्राटदाराच्या हाताखाली कामाला लागली. माझे वडील त्यांतलेच. या शहराच्या सडकांखाली जी खडी आहे ती कोणी फोडली, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही.

२००४ साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. त्याच वर्षी मी दहावी झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपर्यंत पोचलेले नव्हते. मी गाईड विकत घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केले होते. परीक्षेत दोन गुणांच्या प्रश्नाला मी अडीच पाने लिहिली, कारण जितके पाठ आहे तितके सगळे लिहायचे असते अशी माझी समजूत होती. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले आणि घंटा झाली. सामाजिक शास्त्रांत मी काठावर पास झाले. दोन गुणांना दोन मुद्दे पुरतात, हे मला कोणीही सांगितले नव्हते. शाळेनेही नाही. ज्यांच्या घरात काका, आत्या, मोठा भाऊ ही परीक्षा देऊन बसलेले असतात, त्यांना ते जेवताखाता कळते. ते ज्ञान शिकवले जात नाही, ते घरात असते. आमच्या घरात ते नव्हते. यात कुणाची बुद्धी कमी आणि कुणाची जास्त असा प्रश्नच नाही.

म्हणून माझ्या सरावात मी पहिल्या दिवशी धडा उघडत नाही. प्रश्नपत्रिका उघडते. इतिहास व राज्यशास्त्र ही एक प्रश्नपत्रिका, भूगोल ही दुसरी. प्रत्येकी ४० गुण आणि प्रत्येकी दोन तास. उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. १२० मिनिटे आणि ४० गुण, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. हा भागाकार मुलांनी स्वतः करावा असा माझा आग्रह असतो. दोन गुणांच्या टिपेला सहा मिनिटे. त्यांतले एक मिनिट विचार करण्याचे. विहारातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मुले सहा मिनिटांत एक टीप लिहितात आणि पेन खाली ठेवतात. पहिल्या आठवड्यात कुणाचीच टीप पुरी होत नाही. चौथ्या आठवड्यात बहुतेकांची होते.

दुसरी गोष्ट प्रश्नांच्या भाषेची. 'सकारण स्पष्ट करा' म्हटले की विधान आधीच मान्य धरलेले असते, आपण फक्त त्याची कारणे सांगायची. 'चूक की बरोबर ते सकारण सांगा' म्हटले की प्रथम 'चूक' किंवा 'बरोबर' हा शब्द लिहायचा. आमची मुले कारण सुंदर लिहितात आणि निवाडा लिहायला विसरतात. निवाडा देण्याची सवय आपल्याला कधी होती? 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' या प्रश्नाला एका मुलाने विचारले, "ताई, रंगपेटी आणायची का?" बाकीची पोरे हसली. मी हसले नाही. चित्र म्हटले की रंग लागणार, हे त्याचे तर्कशास्त्र बरोबरच होते. कागदावरच्या चौकटींना जोडणाऱ्या रेघांना चित्र म्हणण्याची पद्धत दुसऱ्या कुणीतरी ठरवली. ती त्याच्या कानावर कधी आली नाही, इतकेच. तसेच उताऱ्याचे. उतारा देऊन विचारलेल्या प्रश्नांना चार गुण असतात आणि त्यांतली बरीचशी उत्तरे उताऱ्यातच असतात. तरीही कित्येक मुले तो सोडून देतात. "हा आम्हांला पाठ नाही," म्हणतात.

तिसरी गोष्ट पाठांतराची. आमच्याकडे अभ्यास म्हणजे मोठ्याने वाचणे. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असतो, नळाला पाणी आले की उठावे लागते, अशा वेळी मोठ्याने वाचल्याशिवाय स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. परंतु पुन्हा पुन्हा वाचल्याने जे येते ते लवकर जाते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यांनी तो एकदा वाचून, न बघता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, मार्चमध्ये असते. म्हणून आमच्या सरावात पुस्तक मिटायचे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरायचे. याला ट्यूशनची फी लागत नाही. पाठकोरे कागद लागतात. ते एमआयडीसीतल्या कचेऱ्यांत काम करणारे आमचे बाप-भाऊ आणून देतात.

भूगोलाचेही तेच. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. आम्ही विहाराच्या ओट्यावर खडूने दोन्ही नकाशे काढतो आणि मुले त्यांवर चालत जाऊन अॅमेझॉन, साओ पावलो, रिओ दाखवतात. रिओ शहराच्या डोंगरउतारांवर दाटीने वसलेल्या वस्त्यांना तिकडे फावेला म्हणतात, हे मी सांगितले तेव्हा मागून आवाज आला, "म्हणजे आपलं रबाळंच की!" त्यानंतर रिओचे स्थान नकाशावर कुणाचे चुकले नाही. क्षेत्रभेटीच्या पाठावर कचऱ्याची विल्हेवाट कशी लावाल असा प्रश्न येऊ शकतो. ज्या मुलाची आई पहाटे कचरा वेचायला जाते, त्याला ओला कोणता, सुका कोणता, कशाला भाव येतो आणि कशाला येत नाही हे गाईडपेक्षा अधिक ठाऊक असते. पण पेपरात हे लिहायचे असते हे त्याला ठाऊक नसते. लिहायची त्याला लाजही वाटते. ती लाज घालवणे हाही सरावाचाच भाग आहे.

येथे कोणी विचारील, की ही परीक्षाच जर मुळात परक्या घरच्या सवयींवर उभी आहे, तर तिचा सराव कशाला करायचा? ती मोडून काढा. हा विचार मीही पुष्कळ दिवस केला आहे. २०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षा झालीच नाही. नववीचे गुण आणि शाळेतील मूल्यमापन यांवर निकाल लावला गेला आणि राज्यातील ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. ती मुले पुढे पदवीच्या वर्गात माझ्याकडे आली. त्यांच्यांत आमच्यासारख्या वस्त्यांतली मुले होती, ज्यांच्या घरात एकच मोबाईल होता आणि तो बाप कामावर घेऊन जात असे. त्यांना उत्तर कसे लिहावे हेच माहीत नव्हते. प्रमाणपत्र त्यांच्या हातात होते, परंतु त्यांना ते आपले वाटत नव्हते. "आम्ही कोरोना बॅचचे," असे ती स्वतःच खालच्या आवाजात म्हणत. परीक्षा नसणे म्हणजे न्याय, असे त्या दिवसापासून मला म्हणता येत नाही. दार काढून टाकले तरी भिंत उरतेच. आपल्याला दार उघडता आले पाहिजे.

शिवाय या दाराचा कायदाही समजून घेतला पाहिजे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत मुलाचा हात धरतो. नववी-दहावीला तो हात सुटतो. नेमक्या याच वयात आमच्या मुलाला कारखान्यात मदतनीस म्हणून जाता येते आणि मुलीचे लग्न ठरवता येते. दहावी नापास हा शब्द आमच्या वस्तीत निकालाच्या दिवसापुरता नसतो, तो आयुष्यभर नावाला चिकटतो. ज्या मुलीच्या उत्तरपत्रिकेपासून हा लेख सुरू झाला, तिच्या घरी तसेच ठरले होते. पास झाली तर पुढे, नाही झाली तर मामाकडे गावाला. अशा वेळी अर्धा गुण ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

तेव्हा मी तिला जवळ बसवले. म्हटले, "उत्तर खरं आहे. पण परीक्षकाला ते ओळखता आलं पाहिजे." आम्ही पुस्तकातला तो भाग पुन्हा वाचला. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'इतिहासलेखन : भारतीय परंपरा' हा पाठ आहे. त्यात वंचितांच्या इतिहासाच्या संदर्भात महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'चा उल्लेख आहे, बाबासाहेबांच्या 'हू वेअर द शूद्राज' आणि 'द अनटचेबल्स' या ग्रंथांचा आहे. ही नावे तिला पाठ होती. 'गुलामगिरी' १८७३ सालचा आणि बाबासाहेबांचे दोन ग्रंथ १९४६ व १९४८ सालचे, हेही मी सांगितले. विहारात बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली बसून ती हे वाचत होती. तरी पुस्तकातले बाबासाहेब आणि भिंतीवरचे बाबासाहेब एकच आहेत, आणि ते तिच्या आजीविषयीच लिहीत होते, हा सांधा तिच्या मनात जुळला नव्हता. 'वंचित' हा शब्द मुलांना निवडणुकीतल्या एका पक्षाच्या नावामुळे माहीत. ती जरा वेळाने म्हणाली, "ताई, म्हणजे वंचित म्हणजे आपणच का?" मी म्हटले, "ज्यांना इतिहासातून वगळलं ते. आता लिहायला आपण बसलोय."

मग आम्ही उत्तराचा क्रम ठरवला. पहिले वाक्य : समाजातील तळच्या, उपेक्षित समूहांच्या बाजूने लिहिलेला इतिहास तो वंचितांचा इतिहास. दुसरे वाक्य : फुले आणि बाबासाहेब यांचे ग्रंथ. तिसरे वाक्य : लोकपरंपरा आणि मौखिक आठवणी हे या इतिहासाचे महत्त्वाचे साधन. चौथे वाक्य तिचे स्वतःचे : उदाहरणार्थ, दुष्काळात स्थलांतर करून खाणीत काम केलेल्या स्त्रियांच्या आठवणी. आजी चौथ्या वाक्यात आली. एकटी आली नाही, सगळ्या खाणकामगार बायांना घेऊन आली. सहा मिनिटांत उत्तर पुरे झाले. मी दोनपैकी दोन गुण दिले. यांत दया नव्हती. कोणीही दिले असते.

या प्रसंगातून मला जे कळले ते असे. सराव म्हणजे आपल्या जवळचे सत्य परीक्षकाला ओळखता येईल अशा क्रमाने मांडायला शिकणे. आधी शास्त्राचा मुद्दा, मग आपला पुरावा. नुसता मुद्दा लिहिला तर गुण मिळतात, पण आपण त्यात नसतो. नुसता पुरावा लिहिला तर आपण असतो, पण गुण जातात. हा क्रम शिकवणे म्हणजे तडजोड, असे आमचे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. निबंध हा तिच्या घरचा प्रकार नव्हता, शाळेत शिकलेला होता. दुःख घरचे होते. दोन्ही एकत्र आले म्हणून तो आज आपल्यापर्यंत पोचला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनीही सरकारच्याच भाषेत, सरकारच्याच पद्धतीने, शेतकऱ्याच्या करावर वरच्यांची मुले शिकतात हा हिशेब मांडला होता.

राज्यशास्त्राच्या सरावात हे अधिक स्पष्ट होते. सामाजिक व राजकीय चळवळींच्या पाठात कामगार चळवळ आहे, आणि जागतिकीकरणानंतर तिच्यापुढे आलेल्या अडचणीही आहेत. आमच्या मुलांचे बाप रोज त्या अडचणींत जातात. बारा तासांची पाळी, कंत्राटदार बदलला की नोकरी गेली, बोट कापले तर औषधपाण्याचा खर्च आपला. एका मुलाने 'कंत्राटी कामगार' हा शब्द पाचदा पाठ केला होता. "तुझे वडील काय करतात?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "कंपनीत आहेत." "कायम?" "नाही, ठेकेदाराकडे." मग तो स्वतःच थांबला. ठेकेदार हा घरातला शब्द, कंत्राटी हा पुस्तकातला. दोन्ही शब्द एकाच माणसाविषयी आहेत हे त्याला त्या क्षणी दिसले.

पण हा लेख येथे आनंदात संपवला तर तो खरा होणार नाही. याच मुलाने पुढच्या रविवारी विचारले, "ताई, ते आपलं उदाहरण लिहिलं नाही तर गुण कापतात का?" मी म्हटले, "नाही." तो म्हणाला, "मग कशाला लिहायचं? वेळ जातो." वर्गातल्या दोघा-तिघांनी मान डोलावली. माझ्याकडे तत्काळ उत्तर नव्हते. तीन मिनिटांना एक गुण हा हिशेब मीच त्यांना शिकवला होता. तो आता माझ्यावरच उलटला होता. मी खरे तेच सांगितले. घाईत असशील तर सोडून दे, पण घरी सराव करताना मात्र लिही, कारण आपल्या माणसाला जोडलेला मुद्दा लवकर विसरत नाही. त्याला हे पटले की नाही, मला सांगता येत नाही. त्यालाही पास व्हायचे आहे, आणि त्याला तो हक्क आहे.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शंभरात ३८ सुद्धा नाहीत. सातारच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसून ज्याने शिकायला सुरुवात केली, त्याच्या या गुणांसाठी मुंबईत सत्काराची सभा झाली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. गुणांचा आकडा मी मुलांना मुद्दाम सांगते. गुण कमी पडले तरी चालतात, असे सांगण्यासाठी नव्हे. तो आकडा कुठून आला आणि त्यापुढे काय झाले, हे दोन्ही बघायला शिकावे म्हणून सांगते.

मंडळाचे मुंबई विभागीय कार्यालय वाशीला आहे. रबाळ्याहून लोकलने पाच स्थानके. तेथपर्यंतचे भाडे आमच्या मुलांना परवडते. पण त्या कार्यालयातून येणारा कागद वाचायचा कसा आणि त्यावर लिहायचे कसे, हे त्यांना वस्तीतल्या कुणीतरी सांगितले पाहिजे. आपल्यापैकी जे जे शिकले, नोकरीला लागले आणि वस्ती सोडून गेले, त्यांच्याकडे ही माहिती आहे. तिला पैसे पडत नाहीत. आठवड्याची एक संध्याकाळ पडते. निळ्या झेंड्याखाली आपण पुष्कळ सभा घेतल्या. एखादी संध्याकाळ सहा मिनिटांची टीप लिहून घेण्यातही घालवावी, एवढेच मला सुचवायचे आहे.

त्या मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे. सध्या ती दर शनिवारी आजीला एक प्रश्न विचारते आणि उत्तर वहीत लिहून आणते. पुस्तकातल्या क्षेत्रभेटीच्या पाठात प्रश्नावली कशी करावी ते दिले आहे, त्याप्रमाणे तिने प्रश्न काढले आहेत. गेल्या शनिवारी तिने विचारले होते, खाणीत मजुरी किती मिळत असे. आजीने आकडा सांगितला नाही. म्हणाली, "मुकादम लिहायचा. आमाला कुटं वाचता येत व्हतं?" मुलीने ते तसेच्या तसे लिहून आणले आहे.